सव्वीस टाके

नवऱ्याचं घोरणं ही नारीनमध्ये तक्रार नसते.
घरात माणूस आहे, हे भिंतीपलीकडे कळतं, एवढंच.
सासू म्हणायची, याचा बापही असाच,
तबेल्यातली घोडी कान टवकारायची.
तो एक्कावन्नाव्या वर्षी झोपेतच गेला.
सुखाचं मरण, म्हणाले सगळे,
आणि उकडत्या मटणाच्या वाफेत
मीही मान हलवली होती.

मला घोरण्याचा त्रास कधी झाला नाही.
मला जाग यायची ते थांबलं की.

बाहेर उणे सत्तावीस. चुलीत कोळसा धुमसतोय,
त्यानंच कारा-केचेच्या खाणीतून आणलेला,
आणि शेजारी तो, छाती वर ओढतोय, गळा मिटलेला,
कडी आतून लागावी
आणि घरचाच माणूस बाहेरून धक्के मारत राहावा, तसा.
मग एकदम फुर्रकन सुटायचा, घोड्यासारखा.
पुन्हा घोरणं.

झोप तर उडालेलीच. मी बुरणूस मांडीवर घ्यायची,
काळ्यावर पांढरं शिंग शिवायचं, मेंढ्याचं.
तो अडला की टाके मोजायची.
अकरा. चौदा. नऊ.
एका रात्री सव्वीस.
मुलीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानांवर
लिहून ठेवले; कुणाला दाखवायचे म्हणून नाही.
मोजलं की भीती जरा हातात राहते.

दिवसा त्याचे पाय सुजायचे, बूट चढेनात.
दोलोन घाटात ट्रकचं चाक बदलताना
ओठ जांभळे पडले, बसकण मारली बर्फात.
उंचीचा आजार, म्हणाले इथले डॉक्टर, खाली न्या.
खाली म्हणजे बिश्केक.
तिथं जाकीपोवा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी
पडद्यावर हृदयाचा उजवा कप्पा दाखवला,
फुगलेला, भिंत जाड झालेली.
चढावर वर्षानुवर्षं पहिल्या गियरमध्ये
ओझं ओढणारं इंजिन.
हे त्या नाही म्हणाल्या. तोच म्हणाला, पडद्याकडे बघत.

मग त्यांनी विचारलं, यांच्याजवळ कोण झोपतं?

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.
कान तापले. पिशवीतून वही काढली.

सातच्या पाढ्यामागचे माझे टाके
त्यांनी बोटानं एकेक वाचले.
म्हणाल्या, श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो,
फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्या आखडून घेतात,
रात्रीतून शंभरदा, रोज,
आणि काही वर्षांनी सैल व्हायचं विसरतात.
त्या अरुंद वाटेत दाब चढत जातो,
उजवं हृदय रेटत राहतं.
उंची आहेच, पण सगळं डोंगराच्या माथी मारू नका.

परतीच्या वाटेवर मी सासऱ्यांचा विचार करत होते.
किती टाके झाले असतील त्या शेवटच्या रात्री.
सासू मोजत होती का.

आता एक मशीन आहे, नळी आहे, मुखवटा.
वाऱ्यानं गळा उघडा ठेवतं.
मुलगी त्याला वैमानिक म्हणते.
दोन मेंढ्या गेल्या त्यापायी, आणि तो शिंगांचा बुरणूस.
पायाची सूज उतरली. हृदयाचं काय, ते
वसंतात पुन्हा बघू म्हणाल्या.

त्याच्या नावाची गोष्ट राहिलीच.
पाठोपाठ दोन लेकरं पाळण्यात गेल्यावर हा झाला,
म्हणून तोक्तोबेक. तोक्तो म्हणजे थांब.
थांब रे, तू तरी जाऊ नकोस.
किती मायेनं ठेवलं असेल.
पण रात्री ते नाव मी जिभेवर येऊ देत नाही.

जानेवारीत वीज जाते, मशीन गप्प होतं,
त्या शांततेनं मी जागी होते.
चाचपत त्याला कुशीवर वळवते.
ओढ्याकाठी पाय रोवून बसलेल्या घोड्याला
आमच्याकडे जे म्हणतात,
ते कानाशी म्हणते. च्यू.
च्यू.
सुई शोधत नाही, बोटांवर मोजते.
सहा.
सात.